कला आणि छायाचित्रणाची नवी, दखल घेण्याजोगी पुस्तकं कुठे शोधावीत?

छायाचित्रणासाठी ‘पॅरिस फोटो–अपर्चर फोटोबुक पुरस्कारां’ची अंतिम यादी आधी पाहा, त्यातही ‘पहिलं फोटोबुक’ हा विभाग. (पॅरिस फोटो हा छायाचित्रणाचा मेळा, अपर्चर ही प्रकाशनसंस्था, आणि फोटोबुक म्हणजे मुख्यतः छायाचित्रांतूनच आशय मांडणारं पुस्तक.) २०१२ साली सुरू झालेल्या या पुरस्कारांसाठी छोट्या प्रकाशकांची आणि स्वतः छापलेली पुस्तकंही चालतात, त्यामुळे एरवी कानावरही न येणारी नावं इथे भेटतात. मी स्वतः नवी पुस्तकं बहुतेक इथूनच निवडतो. परीक्षकांसमोर छापील प्रत असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं: फोटोबुकात कागद, बांधणी आणि चित्रांचा क्रम हाही आशयच असतो, आणि तो स्क्रीनवर कळत नाही. आवडलेल्या पुस्तकाचा प्रकाशक लक्षात ठेवा; लंडनचं मॅक किंवा जर्मनीतलं श्टाइडल यांची निवड सहसा निराश करत नाही. चित्र-शिल्पकलेसाठी मोठ्या संग्रहालयांचे प्रदर्शन-कॅटलॉग बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली कितीतरी जुनी प्रकाशनं ऑनलाइन मोफत वाचायला ठेवली आहेत. मात्र यादीतली बरीच फोटोबुकं मोजक्याच प्रती काढून छापलेली असतात आणि संपल्यावर जुन्या प्रतींचे भाव चढतात. तेव्हा एखादं मनात भरलं, तर दुसऱ्या आवृत्तीची वाट बघू नका.