चाळीस वह्यांतला हिरवा शालू

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की चाळीसच्या चाळीस वह्यांत धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि मोर थुईथुई नाचतो. आमच्या गावात मोर नाहीत. मुलांना मनातले लिहायला कसे शिकवावे?
– एक शिक्षिका

उत्तर : तो शालू मुलांचा नाही, निबंधाच्या पुस्तकांतून आणून तो आपणच त्यांच्या हाती दिला आणि वर्षानुवर्षे त्याला गुण देत आलो. म्हणून विचारण्याची रीतच बदलायला हवी. मी शिकवत असताना एकदा विषय न देता एवढेच विचारले, की काल रात्री पाऊस कोसळत होता तेव्हा घरात कोण काय करत होते. एका अबोल मुलाने लिहिले, ‘पत्र्यावर पाऊस लागला की आईचं बोलनं ऐकू येत नाही, मग ती हातानं दाखवती आन् मी पातेलं गळतंय तिथं सरकवतो.’ लाल पेन मी खिशातच ठेवले, कारण तेव्हा ‘बोलनं’मधला ‘न’ चूक म्हणून दाखवला असता, तर पुढच्या खेपेस त्यानेही मोरच नाचवला असता. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी, मुलाशेजारी बसून पाहावे. घरची बोली मात्र चूक मानू नये.

खरी कसोटी यानंतर लागते. मुले मोकळी झाली की वडिलांच्या दारूविषयी, शेतीच्या कर्जाविषयी, वर्गातल्या अपमानाविषयीही लिहितात. असे पान मुलाच्या संमतीवाचून कुणाला वाचून दाखवू नये, त्याला गुण देऊ नयेत, आणि ‘हे फक्त माझे’ म्हणून पान दुमडून ठेवण्याची मुभा लिहिण्याआधीच द्यावी. मूल संकटात आहे असे जाणवले, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. हा विश्वास एकदा तुटला की मुले पुन्हा पुस्तकातलेच लिहू लागतात.

आपणही मुलांबरोबर लिहावे आणि आपले आधी वाचून दाखवावे. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. मुलांसाठी रोज लिहिणारा शिक्षक त्या मुलांच्या डोळ्यांसमोर होता.

परीक्षेची चिंता नको. स्वतःचे चार परिच्छेद लिहिणाऱ्या मुलाला पत्राचा मायना आठवड्याभरात शिकवता येतो. येत्या पावसात पहिला प्रश्न एवढाच विचारा : तुमच्या घरात पाणी कुठे गळते?