ऑनलाइन स्लॉट गेम निवडताना आरटीपी आणि स्टुडिओ बघून निवडला तर फायदा होतो का?

नाही. फायदा होत नाही, पैसे जायला वेळ जास्त लागतो. (आरटीपी म्हणजे गेम सरासरी शंभरातले किती परत देतो तो टक्का, स्टुडिओ म्हणजे गेम बनवणारी कंपनी.) एवढ्यावरच थांबणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "९६ टक्क्यांच्या वरचा गेम घेतला तर शंभरातले ९६ परत येतातच ना?" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. आणि घरात ते आणलं मीच, म्हणून सगळं लिहितो.

२०१८ ते २०२२ मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होतो. कंपनीचं नाव घेत नाही. युरोपातल्या एका स्टुडिओचे स्लॉट गेम आमच्याकडे तपासायला यायचे. चित्रं, गाणी, उडणारी नाणी हा वरचा साज. खरा गेम म्हणजे खाली असलेली हिशेबाची फाइल. कुठल्या रीळावर, म्हणजे फिरणाऱ्या पट्टीवर, कुठलं चिन्ह किती वेळा, कशाला किती पट. ती फाइल घ्यायची, संध्याकाळी १०० कोटी स्पिनचं सिम्युलेशन (गेम तितक्या वेळा आपोआप फिरवायचा) लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, कागदावर ९६.२ लिहिलंय तर तेवढंच निघालं का. एकदा ९६.४ निघालं. दोन दिवस बसून शोधलं, तर तिसऱ्या रीळावर एक चिन्ह जास्तीचं बसलं होतं. गेम बाजारात यायचा थांबला, मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या पोराला त्याचं काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

त्याच वर्षीची येळवस, म्हणजे आमच्याकडचा रानात जेवायचा अमावस्येचा सण. कडब्याची कोपी, भज्जी, आंबील, सगळे भाऊबंद रानात. चुलत भाऊ, आमचा दादा, मला म्हणाला, "आरं, तू पुण्यात नेमकं करतोस तरी काय?" मी म्हणलो, "गेमनं शंभरातले शहाण्णव परत द्यायचे असतात. ते देतोय का नाही ते बघतो. जरा इकडं तिकडं झालं की थांबवतो." काका म्हणाले, "म्हणजे काटा तपासणारा." मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काटा मारणाऱ्यांशी जन्मभर भांडलेल्या माणसानं मला हे म्हणलं. मी त्या दिवशी कितीतरी वेळ खुशीत होतो.

आता २०२४. दादानं सोयाबीन लातूरला नेलं, २२ क्विंटल, भाव ४,१५०. हमाली-तोलाई कापून हातात ९० हजारांच्या वर पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, आली. त्यातून उसने फेडायचे होते, पोरीची क्लासची फी भरायची होती. डिसेंबरात वहिनीचा फोन आला, "भाऊजी, पट्टीचे पैसे कुठं गेले ते तुम्हीच विचारा. मला सांगंनात." येळवशीच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो आणि दादाच्या मोबाइलवर बँकेचं स्टेटमेंट उघडलं. ५००, ५००, १,०००, २,०००, परत ५००. दर वेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं, कुणी कोंबडी सेंटर, कुणी मोबाइल शॉपी, कुणी नुसतं एखाद्या बाईचं नाव. वेळा रात्री अकरा ते एक. टपरीवरच्या एका पोरानं व्हॉट्सॲपवर स्लॉट खेळायच्या साइटचा आयडी काढून दिला होता. चोवीस दिवसांत १,१०,५०० गेले, दोनदा विड्रॉल मिळाला, १४,००० आणि ९,०००. म्हणजे ८७,५०० साफ.

दादा मला म्हणाला, "तूच म्हणलास ना, शंभरातले शहाण्णव परत येतात?"

तो खोटं बोलत नव्हता. मी म्हणलोच होतो. त्यानं ते हमाली-तोलाईसारखं ऐकलं. माल नेला, शंभरामागं चार कापले, उरलेले घेऊन घरी. पण मोंढ्यात माल एकदाच काट्यावर चढतो. इथं उरलेले ९६ परत काट्यावर, त्यातून परत कापलं, उरलेले परत काट्यावर, आणि हे मिनिटाला दहा वेळा. आरटीपी तुमच्या खिशातल्या पैशावर नसतो, फिरवलेल्या प्रत्येक रुपयावर असतो. मला हे माहीत होतं. कोपीत आंबील पिताना सांगायचं सुचलं नाही, कारण काटा तपासणारा म्हणवून घेण्यात मी रमलो होतो.

मग मी तो गेम उघडला. आत माहितीचं एक बटण असतं, ते कुणी दाबत नाही. तिथं बारीक अक्षरात ९४ च्या घरातला आकडा होता. ५० रुपयांची बेट, म्हणजे एका स्पिनला लावलेले पैसे, धरून सरासरीचा हिशेब करा, थोडं मागंपुढं सोडा. ९४ टक्क्यांच्या गेमवर ८७,५०० जायला साधारण साडेचौदा लाख रुपये फिरावे लागतात. म्हणजे एकोणतीस हजार स्पिन, पन्नासेक तास, रोजचे दोन. चार एकर सोयाबीनवाल्या माणसानं वाकळेत पडून साडेचौदा लाखांचा व्यवहार केला आणि त्याला तो कळलाही नाही, कारण जिंकलेलेच परत परत जात होते.

घरात त्यावर भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. काका आणि दादा म्हणतात, गेम फसवा होता, काटा मारला. मी म्हणतो, काटा बरोबर होता. काटा बरोबर असूनच पट्टी गेली. फसवाफसवी मानली की माणूस "खरा" गेम शोधायला निघतो, "चांगला" स्टुडिओ शोधतो, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथूनच आलाय.

तरी स्टुडिओचं विचारलंय तर सांगतो. स्टुडिओ गेम बनवतो, साइट तो भाड्यानं चालवते, आणि साइटच्या कमाईत स्टुडिओचा वाटा असतो. कमाई म्हणजे खेळणारे जे हरतात ते. परवान्याच्या साइटवर गेम सहसा स्टुडिओच्याच सर्व्हरवर चालतो, साइटवाल्याला एकेका स्पिनमध्ये बोट घालता येत नाही. पण त्याला आधीच ठरवता येतं की कुठला आरटीपी घ्यायचा. आमच्याकडे एकाच गेमचे चार हिशेब असायचे, ९६, ९४, ९१, ८७. चित्र तेच, गाणं तेच. "अमुक स्टुडिओचा गेम ९६ चा आहे" हे म्हणूनच अर्धवट वाक्य आहे. तुमच्या साइटवर कुठला लावलाय हे त्या माहितीच्या बटणाखालीच कळतं, आणि चोरून बनवलेल्या नकली गेममध्ये तर तिथला आकडाही कुणी तपासलेला नसतो.

नावांचंही तसंच. नेटएंट, रेड टायगर, बिग टाइम गेमिंग, नोलिमिट सिटी ही तुम्हाला चार दुकानं वाटतात. २०२० ते २०२२ मध्ये चारही इव्होल्यूशन या एकाच कंपनीत गेली. प्ले-एन-गो, प्रॅग्मॅटिक प्ले वेगळे आहेत. जीएलआय, ई-कॉग्रासारख्या प्रयोगशाळा गेम तपासतात आणि नीट तपासतात, पण त्या काटा तपासतात. तुमचं घर चालेल का हे तपासणं त्यांचं काम नाही.

व्होलॅटिलिटी, म्हणजे पैसे थोडे थोडे येतात की क्वचित एकदम, ती मात्र मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावी लागू नये. तालुक्याची पावसाची सरासरी कागदावर भरते, पण तो सगळा चार दिवसांत पडतो आणि मधे एकवीस दिवस खंड. नेटएंटचा स्टारबर्स्ट, २०१२ चा, ९६ च्या आसपास: भुरभुर. थोडं थोडं देत राहतो, मोठं काही नाही. प्ले-एन-गोचा बुक ऑफ डेड, २०१६ चा, त्याचा सगळ्यात वरचा हिशेब लावला तर तोही ९६ च्याच आसपास: लांब खंड, मग एखादा ढग फुटतो, तोही दुसऱ्याच्या शिवारावर. सरासरी दोघांची एकच. आता तुम्ही रात्री बसून जे ३०० स्पिन मारता, त्यात सरासरी येईल असं कुणी सांगितलं? आम्हाला ती बघायला १०० कोटी लागायचे.

तुम्ही लिहिलंय, पाच-सहा स्पिन कोरे गेले की बेट वाढवता, कारण गेम "गरम" होतो. होत नाही. प्रत्येक स्पिनचा आकडा नव्यानं पडतो, मागचं त्याला काही आठवत नाही. काका एके काळी मटक्याचे ओपन-क्लोजचे तक्ते वहीत उतरवायचे, तसंच हे. मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावावर लागायचा. तो निदान खऱ्या कापसाचा भाव तरी होता.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. ५० ची बेट लावली आणि २० आले, तर ३० गेले. पण स्क्रीनवर नाणी उडतात, जिंकल्याचा आवाज येतो. ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ पासून यावर बंदी आहे. बेटीइतकं किंवा त्याहून कमी आलं तर जल्लोष दाखवायचा नाही, अडीच सेकंदांच्या आत दुसरा स्पिन नाही, ऑटोप्ले नाही. २०२५ पासून तिथं २५ वर्षांच्या आतल्यांना २ पौंडांच्या वर बेटही लावता येत नाही. ते नियम आले तेव्हा आमच्याकडे काम आलं होतं. ब्रिटनच्या बिल्डमध्ये, म्हणजे तिथल्यासाठी बनवलेल्या गेममध्ये, ५० ला २० आल्यावर नाणी उडाली की मी बग, म्हणजे चूक म्हणून नोंद, टाकायचो, आणि तो त्याच दिवशी दुरुस्त व्हायचा. बाकी देशांच्या बिल्डमध्ये तीच नाणी उडाली की शेरा असायचा, "बरोबर आहे." तो शेरा मी स्वतःच्या हातानं शेकडो वेळा टाकलाय. दादा मला म्हणाला होता, "जिंकल्याचा आवाज तर सारखा यायचा की रे," तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या येळवशीला मी पुतण्याला कॅल्क्युलेटर दिला. बोटभर, साधा, दुकानातला. १,००० टाक म्हणलो, गुणिले ०.९६ कर, बरोबर दाब. ९६०. परत. ९२१. परत. ८८४. तो मोठ्यानं वाचत होता, बाया भाकरी थापता थापता ऐकत होत्या. सतराव्यांदा दाबलं तेव्हा ४९९. ५० च्या बेटीनं हजाराचे पाचशे व्हायला सरासरी पंचवीस मिनिटं लागतात. पोरगं दाबत राहिलं, सत्तावन्नाव्या वेळी शंभराच्या खाली आलं. काका काही बोलले नाहीत. दादा त्या आकड्याकडं बघत म्हणाला, "हे त्या वर्षी कामून नाही दाखवलास?"

मी त्याला सांगितलं, चुकलं माझं. पण काटा मारला नव्हता हे तो अजून मानत नाही, आणि तुम्हीही मानलं नाही तर महिन्याभरात दुसरा गेम निवडून बसाल. म्हणून इतकं लांबवलं.

राहिलेल्या गोष्टी. क्वचित कुणी मोठं जिंकतंच, ते खोटं नाही. मेगा मूलासारखे जॅकपॉट खरे आहेत, पण त्या गेमचा आरटीपी ८८ च्या आसपास आहे, कारण जॅकपॉटचे पैसे सगळ्यांकडूनच कापले जातात. दुसरं, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केलाय. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण तुमचा विड्रॉल अडकला तर दाद कुठं मागणार? आणि ज्यांच्या खात्यावर पैसे जातात ती खाती भाड्याची असतात. पोलिसांनी तो धागा पकडला की तुमचं खातंही होल्ड होऊ शकतं. तिसरं, हात थांबत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. दादाला मीच लावून दिला होता. पहिल्यांदा त्यानं कट केला, दुसऱ्यांदा बोलला.

तुम्ही गेमची नावं लिहिली, स्टुडिओंची लिहिली, आतापर्यंत किती गेले ते लिहिलं नाही. आज बँकेचं स्टेटमेंट काढा, गेलेले आणि आलेले वेगवेगळ्या पेनानं खुणा करा, आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून बेरीज करा. नंतर हवं तर इथंच खाली आकडा लिहा, आरटीपीचा हिशेब मी करून देतो.