‘काय मदत करू?’ हाही एक प्रश्नच

“स्वयंपाकाचा इतका कंटाळा येतो, माझं काही बिनसलंय का?” मी समुपदेशक आहे; वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या बायका मला हे विचारतात. हल्ली एखाददुसरा पुरुषही विचारतो. त्यामागे एक न बोललेली भीती असते: घरच्यांवरचं माझं प्रेम आटलंय की काय?

त्यांच्यातलीच एक. दोन मुलं, नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या. ती पहिल्याच भेटीत म्हणाली, “मॅडम, मला स्वयंपाक येतो. आवडायचासुद्धा. पण पाच वाजले की पोटात गोळा येतो.”

मी तेव्हा चूक केली. तिला युक्त्या दिल्या. सुट्टीच्या दिवशी भाज्या चिरून ठेवा, कांदा एकदाच भरपूर परतून त्याचे छोटे डबे फ्रीझरमध्ये टाका, वगैरे. युक्त्या चांगल्याच होत्या, माझ्या स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेल्या. दोन आठवड्यांनी ती परत आली ती जास्तच थकून.

“सगळं केलं. पण आता फ्रीज उघडला की ते डबे माझ्याकडे बघतात. ‘चिरून तयार आहोत, आता तरी कर,’ म्हणतात.”

मी हसले, ती मात्र हसली नाही. मग मी तिला कालची एकच संध्याकाळ मिनिटामिनिटाने सांगायला लावली. सहा दहाला घरी. फ्रीज उघडला, बंद केला. धाकट्याला विचारलं, काय खाशील? “काहीही.” पुन्हा फ्रीज. मोठीला ते आवडत नाही, हे परवाच झालं, ते उद्या डब्याला लागेल. गॅस पेटला सहा पन्नासला आणि जेवण तयार झालं सव्वासातला.

“म्हणजे शिजवायला पंचवीस मिनिटं,” मी म्हटलं. “आणि ठरवायला?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ठरवायला सकाळी साडेअकरापासून. मीटिंगमध्येसुद्धा. हात दमत नाहीत हो माझे.”

कंटाळा शिजवण्याचा नव्हताच. न सुटलेला प्रश्न दिवसभर डोक्यात वागवण्याचा होता. अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मनात जास्त रेंगाळतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. ‘संध्याकाळी काय?’ हे काम तर रोज नव्याने अपुरं होतं.

माझा पिंड एकट्या माणसात दोष शोधण्याचा नाही, मी आधी घराची घडी बघते. म्हणून पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. भला माणूस. जरा दुखावलेलाच आला होता. “मी रोज विचारतो ना हिला, काय मदत करू म्हणून!”

ती शांतपणे म्हणाली, “तोही एक प्रश्नच असतो. त्याचंही उत्तर मलाच शोधावं लागतं.”

खोलीत कुणीच काही बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायची फार घाई होते. मी बोलले नाही, आणि त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं असं मला अजून वाटतं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, “म्हणजे मी कांदा चिरतो, पण कांदा लागणार आहे हे तू ठरवतेस?”

त्यानंतर आम्ही काम वाटण्याऐवजी वार वाटले. मंगळवार आणि शुक्रवार त्याचे, अगदी ‘काय करायचं’ आणि ‘घरात काय संपलंय’ यासकट. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. तिला हे जास्त अवघड गेलं. उरलेल्या वारांना पदार्थ न ठरवता साचा ठरवला: एक दिवस कडधान्य, एक दिवस अंडी, एक दिवस एकाच भांड्यात भात आणि भाज्या, एक दिवस शिळं संपवायचं. साचा ठरला की निवड दोन-तीन गोष्टींत उरते. आठवड्याचा कागद सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून दहा मिनिटांत भरायचा, आणि त्या वेळी “काहीही” म्हणणाऱ्याला नंतर कुरकुर करायची मुभा नाही.

युक्त्या उपयोगी पडतात त्या यानंतर. रात्री भिजवलेलं कडधान्य सकाळी उपसून ठेवलं की संध्याकाळचा निम्मा वेळ वाचतो. राजमा मात्र भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊच शिजवावा, अर्धाकच्चा बाधतो. भिजवायला विसरलात तर मसूर डाळ आहेच, वीसेक मिनिटांत होते. जास्तीचं शिजवलेलं अन्न खोल पातेल्यात तसंच ठेवू नका. उथळ डब्यांत पसरलं की लवकर निवतं, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि तीन-चार दिवसांत संपवा. भाताच्या बाबतीत तर हे काटेकोरपणे पाळा, कारण त्यातले काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजवण्यातूनही तगतात आणि भात बाहेर राहिला की वाढतात. गरम करताना मधोमध वाफ आली पाहिजे.

त्याच्या पहिल्या मंगळवारी राजमा ठरला होता आणि तो भिजवायचाच राहिला. सगळ्यांनी अंडी आणि भात खाल्ला. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती, एक पानही वाचलं नाही असं तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं. पण ती उठली नाही. चौथ्या आठवड्यात पुस्तक संपलं.

दोन महिन्यांनी फोन आला, त्याचा. आवाज जरा वैतागलेला. “मॅडम, एक विचारायचं होतं. हल्ली सोमवारी दुपारी, ऐन कामात, मला उद्याच्या भाजीची आठवण येते. हिला असं रोज व्हायचं?”

“हो,” मी म्हटलं.

तो काही क्षण थांबला. “बरं,” म्हणाला, आणि मग बुधवारही आपल्याकडे घेतल्याचं सांगून त्याने फोन ठेवला.