खुसपटं काढणारी मुलगी आणि डिझाइनचं कॉलेज

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला डिझाइनला जायचंय, पण शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत जेमतेम सी ग्रेड. घरातल्या प्रत्येक वस्तूत ती खुसपटं काढते. मध्यंतरी तर आजीच्या गोळ्यांवरून मेडिकलवाल्याशीच हुज्जत घातली, कारण त्याने पट्टी कापून दिली आणि एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिली. बाबा म्हणतात, चित्र येत नाही तर डिझाइन कसलं, गप इंजिनिअरिंगला जा. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मला सी ग्रेडपेक्षा त्या पट्टीत जास्त रस आहे. औषधाचं नाव फॉइलवर आधीच छापलेलं असतं. बॅच नंबर आणि तारीख पॅकिंगच्या वेळी उमटवतात, बहुतेकदा एकाच टोकाला. कारखान्याच्या लेखी पट्टी म्हणजे एक अख्खी वस्तू. आपल्याकडे ती कात्रीने कापून चार-चार गोळ्यांनी विकली जाते, याचा विचार त्या मांडणीत नाही. मुलगी मेडिकलवाल्याला बोलून थांबली असेल, तर ती नुसती कुरकुर. ‘तारीख तिथेच का?’ हे तिला छळत असेल, तर ती डिझाइनच्या कामाची आहे.

घरातली विळी घ्या. पातं जागच्या जागी, भाजी हलते, दोन्ही हात भाजीवर आणि पाट पायाखाली दाबलेला. सगळं गणित जमिनीवर बसण्याचं. स्वयंपाक ओट्यावर आला आणि विळीचा पाय गेला! मग कुणी खाली रबर लावलं, कुणी ओट्याला स्क्रूने आवळायची विळी आणली, बाकीच्यांनी सुरी धरली. नारळ खवायला मात्र अजून कित्येक घरांत जमिनीवरच बसतात. विळीत खोट नव्हती, तिच्याभोवतीचं घर बदललं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या तांब्याकडे असंच पाहिलं होतं: भरल्यावर तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते, डोक्यावर नि कमरेवर तो कसा बसतो. त्या अहवालामागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, सुरू झाली.

आता चित्रकलेचं. बाबांचं अगदीच चूक नाही, कारण स्केचिंग लागतंच. पण स्थिरचित्राचं सुबक शेडिंग वेगळं आणि बाटलीचं झाकण उघडणारा हात चार रेषांत समजेल असा काढणं वेगळं. हे दुसरं रोजच्या सरावाने येतं. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षेत, ‘अ’ भाग कॉम्प्युटरवर असतो. त्यात आकारांची कल्पना करणं, निरीक्षण, तर्क, भाषा असं सगळं येतं. ‘ब’ भागात कागदावर चित्र काढायचं असतं. बारावीची कोणतीही शाखा चालते. परीक्षा जानेवारीत, आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, त्यामुळे ‘सहज बसून बघते’ म्हणून एक संधी वाया घालवू नये. एनआयडीची प्रवेश परीक्षा, डॅट, वेगळी, ती दोन टप्प्यांत होते. दोन्हीचे फॉर्म भरा.

पैशांचं स्पष्ट सांगते. सरकारी संस्थांत जागा मोजक्या, खासगी कॉलेजांची फी लाखांत, आणि इमारत चकचकीत म्हणून शिक्षण चांगलं असं नसतं. प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला मागा. नुसती गुळगुळीत पोस्टर्स दाखवली आणि ‘हे कोणासाठी केलं, त्यांनी वापरून पाहिलं का’ याला उत्तर मिळालं नाही, तर दुसरं कॉलेज शोधा. नुसत्या पोस्टर्सवाल्या कॉलेजात कर्ज काढून जाण्यापेक्षा इंजिनिअरिंग करून पुढे सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाणं परवडतं. तो रस्ता बाबांनाही पटेल.

तोवर तिला एक कोरी वही द्या. दर आठवड्याला एकच वस्तू: ती कोण वापरतं, कुठे अडतं, लोकांनी दोरी-चिकटपट्टी लावून काय तोड काढलीय. चित्रं वेडीवाकडी चालतील. पहिली वस्तू गोळ्यांची पट्टी. त्यासाठी तिला त्याच मेडिकलमध्ये परत पाठवा, मात्र भांडायला नाही. दिवसभरात किती पट्ट्या कापाव्या लागतात आणि उरलेल्या तुकड्यांचा हिशेब तो कसा ठेवतो, हे विचारायला. दिवाळीपर्यंतची पानं मला पाठवा, मग डिझाइनच्या कोणत्या शाखेचं बघायचं ते बोलू.