बाळाच्या चार्टवर टीदिंग (दात येणं), ताप आणि जुलाब असं लिहिलं असेल तर मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे निदानांना ठरलेले कोड देताना, एकच कोड लावायचा का?

तुमच्या चार्टमध्ये नऊ महिन्यांचं बाळ आहे. आई चिडचिड आणि लाळ सांगते. ताप १०१, आणि डॉक्टरांच्या असेसमेंटमध्ये 'टीदिंग, फीवर, डायरिया'. कोडिंगच्या क्लासमधले म्हणतात के००.७ एकटा पुरे. माझ्या मते पुरत नाही.

के००.७ म्हणजे टीदिंग सिंड्रोम, तो लागणारच (मधली दोन्ही शून्यं आहेत, ओ नव्हे). चिडचिडीचा आर६८.१२ मात्र जोडू नका. आर६८.१ खालच्या एक्सक्लूड्स१ मध्ये (सोबत न लावायच्या कोडांच्या यादीत) के००.७ दिलेला आहे, दोन्ही एकत्र जात नाहीत. लाळ दात येण्यातच धरली जाते.

ताप आणि जुलाबाचं तसं नाही. आयसीडी-१०-सीएमच्या (हे कोड ज्या अमेरिकी यादीतले आहेत तिच्या) गाईडलाइन्स सांगतात की आजारासोबत नेहमी येणारी लक्षणं वेगळी कोड करायची नाहीत, एरवी न येणारी करायची. दात येताना अंग किंचित कोमट लागेल, पण १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावरचा ताप दातांमुळे येत नाही, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि नेमके तेव्हाच दात दिसू लागतात. म्हणून खापर दातांवर फुटतं. आपल्या सांगलीत घरोघरी 'दाताचे जुलाब' म्हणतात. मी इथे विश्रामबागेत बसून अमेरिकेतले चार्ट कोड करते, तर तिथल्या आयाही हेच सांगतात. जुलाबात बाळाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. अशा बाळाच्या नोंदीत नुसते दात उरले, तर पुढच्या डॉक्टरला त्यात आजार दिसणारच नाही. म्हणून तापाचा आर५०.९ आणि जुलाबाचा आर१९.७ लावाच.

डॉक्टरांनी 'फीवर ड्यू टू टीदिंग' असं लिहिलं असेल, तर मनाने काही ठरवू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. निदान करणं आपलं काम नाही.

कान ओढणाऱ्या बाळाला ओटायटिस मीडिया (मधल्या कानाचा दाह) निघाला, तर कोणत्या कानाला ते लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर एच६६.९०, आणि तापाचा वेगळा कोड नाही.

ओपीडीच्या चार्टवर 'प्रॉबेबल टीदिंग' (बहुधा दात येणं) असेल तर के००.७ लागत नाही. तिथे लक्षणंच कोड करायची, आणि मग आर६८.१२ बिनदिक्कत चालतो.