दहशतवादाच्या भीतीपोटी सोसायटीत मुस्लिम भाडेकरू नको म्हणतात. ही भीती पूर्वग्रह कशी बनते?

मुख्य गफलत गणिताची आहे. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट, त्यातले १७ मृत्यू पुणेकरांच्या डोक्यात पक्के बसलेत. जे ठळक आठवतं ते वारंवार घडतं असं मेंदू धरून चालतो. मग ‘हल्लेखोर अमुक धर्माचा’ याचं ‘अमुक धर्माचा म्हणजे संशयित’ असं उलटं वाक्य कधी झालं ते कळतही नाही.

समजा, ५ लाखांच्या समाजात ५ गुन्हेगार आहेत आणि तुमचा अंदाज ९९ टक्के अचूक आहे (इतका कुणाचाच नसतो!). तरी सुमारे ५,००० निरपराध संशयित ठरतात. आडनाव पाहून केलेला अंदाज तर याच्या जवळपासही जात नाही. पोलिसही चुकतात: २००६ च्या मालेगाव स्फोटांत अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केलं.

सोसायटीत हा विषय निघाला तर वाद घालू नका, नियम सर्वांना सारखा लावा. प्रत्येक भाडेकरूची पोलिस पडताळणी, नोंदणीकृत भाडेकरार, ओळखपत्राची प्रत. जोशींनाही, शेखांनाही. आणि ‘आमचा विरोध नाही, पण बाकीचे सभासद…’ असं कुणी म्हणालं, तर त्या सभासदांची नावं विचारा. बहुतेकदा कुणीच पुढे येत नाही.