वाइड लेन्सने काढलेल्या फोटोंचे कोपरे काळे येतात, लेन्स खराब आहे का?

लेन्स विकायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की १०-२० मिमीच्या लेन्सने कास पठारावर काढलेल्या फोटोंचे चारही कोपरे काळपट आलेत, मित्र म्हणतो लेन्स गेली, आणि सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ओढून कोपरे उजळले तर ते रवाळ दिसतात. मी साताऱ्याचाच, हौशी फोटोग्राफर. याच भानगडीत कासचा एक सीझन घालवून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काळेपणा कुठल्या जातीचा आहे ते बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर ढगाळ आभाळ किंवा पांढरी भिंत घ्या आणि झूम न हलवता एफ ४, एफ ८ आणि एफ ११ अशा अ‍ॅपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) तीन फोटो काढा. एफ ८ ला कोपरे बऱ्यापैकी उजळले तर दोष लेन्सच्या नळीचा. दोन बांगड्या एकीमागे एक धरून त्यातून सरळ बघितलं तर पूर्ण गोल दिसतो; तिरकं बघितलं की भोक बदामाच्या आकाराचं होतं. कोपऱ्याकडे जाणारा उजेड असाच तिरका येतो आणि वाटेत कापला जातो. अ‍ॅपर्चर लहान केलं की मधलं भोकच इतकं छोटं होतं की बांगड्यांची कड आड येत नाही.

एफ ११ लाही मऊसा काळपटपणा उरतोच, तो भूमितीचा. उजेड जितका तिरका पडतो तितका तो क्षीण होतो, आणि हे प्रमाण कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानुसार चालतं. ४५ अंशांना उजेड चौथा हिस्सा राहतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) असेल, तर १० मिमीला कोपऱ्याचा कोन ५३-५५ अंशांवर जातो, आणि हिशोबाने तिथे मध्यापेक्षा आठ-नऊ पट कमी उजेड पोचायला हवा. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण डीएसएलआरच्या वाइड लेन्स कॅमेऱ्यातल्या आरशाला जागा सोडायला म्हणून अशा बनवलेल्या असतात की मागच्या बाजूने उजेड थोडा सरळ होऊन बाहेर पडतो. तात्पर्य, लेन्स गेलेली नाही. ती वाइड आहे, इतकंच.

तिसरी जात माझी. यूव्ही फिल्टर न काढता त्यावरच जाड कडेचा पोलरायझर (चमक मारणारा, आभाळ गडद करणारा फिल्टर) चढवला होता. कोपऱ्यात नुसता काळपटपणा नव्हता, सरळ काळी चंद्रकोर होती, आणि अ‍ॅपर्चर लहान करावं तसतशी तिची कड जास्तच ठसठशीत. १२-१३ मिमीला गेलं की गायब. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर, पठारावरच्या उन्हात, हे दिसलंच नाही. घरी आल्यावर तेरड्याचे गुलाबी गालिचे आणि चारही बाजूंना काजळ! असला काळेपणा कुठलंही सॉफ्टवेअर घालवू शकत नाही, कारण तिथे उचलायला माहितीच नसते. क्रॉप करा आणि सोडून द्या. समोरासमोरचे दोनच कोपरे काळे असतील तर हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) तिरका बसलाय, फिरवून नीट बसवा.

आता दुरुस्ती. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या दोषांची तयार मोजमापं) चालू करा. फुकटात हवं असेल तर डार्कटेबलमध्ये लेन्स करेक्शन आहे, ते लेन्सफन नावाच्या खुल्या माहितीसाठ्यावर चालतं. तुमची लेन्स त्या यादीत असली की काम एका क्लिकचं. नवीन लोक हमखास फसतात ते लाइटरूमच्या इफेक्ट्समधल्या व्हिनेटने (कोपरे गडद-उजळ करणाऱ्या स्लायडरने) कोपरे उजळायला जातात तेव्हा. तो क्रॉप केलेल्या चौकटीच्या मध्यापासून मोजतो, लेन्सचा काळेपणा मात्र मूळ फोटोच्या मध्यापासून पसरलेला असतो. फोटो एका बाजूने कापला असेल तर दोन्ही जुळत नाहीत.

तुमच्या रवाळपणाचं उत्तरही इथेच आहे. दोन स्टॉप उचलणं म्हणजे आयएसओ ४०० चा कोपरा १६०० सारखा दिसणं (आयएसओ जितका जास्त, तितका रवा जास्त). म्हणून एकट्या फोटोला मी प्रोफाइलमधलं व्हिनेटिंग (कोपऱ्यांच्या काळेपणाची दुरुस्ती) १०० वरून ५० च्या आसपास आणतो. थोडे गडद कोपरे नजरेला खुपत नाहीत, उलट फुलांवर नजर टिकते. अर्थात ही माझी आवड.

पॅनोरमाला मात्र पूर्ण दुरुस्ती हवी, आणि तीही फोटो जोडण्याआधी. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे सात फोटो मी तसेच जोडले, तर आभाळात धुतलेल्या साडीच्या घड्यांसारखे पट्टे. हगिन या सॉफ्टवेअरमध्ये जोडत असाल तर ते एकमेकांवर येणाऱ्या भागांवरून काळेपणा स्वतःच मोजतं, त्यामुळे तिथे काम सोपं होतं.

लेन्स जुनी, मॅन्युअल असेल आणि प्रोफाइल मिळत नसेल, तरच फ्लॅट फील्डच्या (कोऱ्या पांढऱ्या फोटोवरून काळेपणा मोजण्याच्या) वाटेला जा. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणायचा, लेन्सच्या तोंडाशी धरून ढगाळ आभाळाकडे रोखायचा आणि ज्या फोकल लेंग्थला (झूमच्या मिमीला), ज्या अ‍ॅपर्चरला मूळ फोटो काढलाय तिथेच एक रॉ फोटो घ्यायचा. उजेड जास्त होऊन कुठेही नुसता पांढरा होऊ द्यायचा नाही. रॉथेरपी किंवा लाइटरूम क्लासिक मग मूळ फोटोच्या उजेडाचा या कोऱ्या फोटोच्या उजेडाने भागाकार करतं. पावसाळ्यात आपल्याकडे एकसारख्या ढगांचा तुटवडा नाही, एका दुपारी सगळी अ‍ॅपर्चर उरकतात.

एक शंका मात्र आहे. तुमच्या वर्णनात ‘आभाळ एका बाजूला जास्त गडद’ असंही आहे. तो बहुतेक पोलरायझरचा पट्टा असावा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ तो सगळ्यात गडद करतो, आणि १० मिमीच्या चौकटीत आभाळाचा इतका मोठा तुकडा येतो की गडद आणि फिकट दोन्ही दिसतात. त्यावर व्हिनेटचा स्लायडर ओढलात तर समोरचा कोपरा पांढराफटक होईल. मी १० मिमीला पोलरायझर काढून खिशात ठेवतो आणि जवळून सोनकी टिपताना, ओल्या पानांवरची चमक मारायला, परत लावतो.